दशावताराच्या रात्रींसाठी पहिला डीएसएलआर – बजेट ३० हजार

ओसरी | १४ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कॅमेरा घेण्याबद्दलचे इथले जुने धागे बहुतेक वाचून काढले. माझी गरज जरा वेगळी आहे, म्हणून नवा धागा काढतेय.

मी कुडाळ तालुक्यात राहते. माझा मामा गेली २८ वर्षं दशावतारात स्त्रीपार्टी करतो. द्रौपदी, तारामती, मोहिनी, सगळ्या भूमिका झाल्या. आजूबाजूच्या गावांत त्याला ओळखत नाही असं घर नाही, पण त्याचा भूमिकेतला एकही धड फोटो आमच्या घरात नाही. आहेत ते फोनवर काढलेले. चेहरा पांढराफटक आणि हात म्हणजे नुसता फराटा. आता त्याचे गुडघे धरलेत. कार्तिकात जत्रा सुरू होतील, तो हंगाम बहुधा शेवटचा. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही.

बजेट ३० हजार, सगळं त्यातच बसवायचंय. निकॉन की कॅनन? कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स पुरेल का? जुना कॅमेरा घ्यायला मन धजत नाही, पण घ्यावाच लागला तर काय बघायचं? आणि फ्लॅश चालणार नाही, हे आधीच सांगते. मागच्या वर्षी कुणीतरी अगदी समोरून फ्लॅश मारला आणि मामा भर प्रवेशात थबकला. मी फोन काढला की आता एवढंच म्हणतो, "फ्लॅश मारू नको गो, डोळ्यार येता."

जुनी रीळ | १४ ऑगस्ट, रात्री १०:१५

ओसरीताई, कॅमेऱ्याचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी सांगा. उजेड कसला असतो? तुम्ही किती अंतरावर बसता? आणि फोटोंचं पुढे काय करायचंय, फोनवर पाहायचे की कागदावर छापायचे?

ओसरी | १४ ऑगस्ट, रात्री १०:५२

उजेड देवळागणिक वेगळा. कुठे दोन हॅलोजन, कुठे एलईडीचे फ्लड, मंडपाच्या खांबाला ट्यूब. मागे रंग लावतात तिथे एकच बल्ब. मी पेटीवाल्याच्या बाजूला खाली बसते, मामा बाकड्यापाशी असला की आठ-दहा फूट. आणि हो, एक तरी मोठा फोटो छापून मामाच्या पडवीत लावायचाय.

रानवाट | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००, किट लेन्ससकट. पहिल्या कॅमेऱ्याला भरपूर झाले. डी३५००ची बॅटरी एका चार्जमध्ये दीड हजार फोटो देते, रात्रभराच्या प्रयोगाला उत्तम. फक्त तो आता बनत नाही, दुकानात पडून असलेला किंवा वापरलेलाच मिळेल. कॅननचा ३०००डी मात्र नको. त्याच्या बॉडीला लेन्स अडकवायची कडी प्लास्टिकची आहे आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याचा नंबर लावायची चकतीही नाही.

जुनी रीळ | १५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

रानवाट, दिवसाउजेडी फोटो काढायचे असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथे किट लेन्स तोंडघशी पाडेल. मी लग्नाच्या फोटोंवर वीस वर्षं पोट भरलंय, त्यातली निम्मी रिळावर, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या फोटोत हाताचा फराटा येतो कारण शटर फार वेळ उघडं राहतं. अंधार असला की कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मामाचा हात एका मुद्रेतून दुसरीत गेलेला असतो. आता १८-५५ किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ३५ किंवा ५० मिमीची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स एफ १.८पर्यंत उघडते. आकड्यात फरक लहान दिसतो, पण हिशेब वर्गाचा असतो. ५.६ला १.८ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा, जवळजवळ दहा येतात. म्हणजे त्याच हॅलोजनखाली, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला), किट लेन्स सेकंदाचा दहावा भाग मागेल तर प्राइम शंभराव्या भागात काम उरकेल. एकदशांशला हात पुसला जातो. एकशतांशला बोटं मोजता येतात.

किट लेन्समध्ये स्टॅबिलायझर असतो ना, असं कुणीतरी म्हणेलच. तो तुमच्या हाताची थरथर सांभाळतो. समोरच्या माणसाचं हलणं त्याला थांबवता येत नाही.

तेव्हा ३० हजारातले आठ-नऊ हजार लेन्सचे म्हणून आधी बाजूला काढा. उरलेल्यात जी बॉडी बसेल ती घ्या, जुनी तर जुनी. दहा वर्षांपूर्वीचा चांगला सेन्सर आणि उघड्या तोंडाची लेन्स ही जोडी नव्या बॉडीच्या आणि किट लेन्सच्या जोडीला रात्री सहज मागे टाकते.

आता लेन्स ३५ की ५०? रिळाच्या हिशेबात आणायला लेन्सचा आकडा निकॉनच्या लहान सेन्सरला दीडने गुणायचा, कॅननच्या १.६ने. निकॉनवर ३५ची ५२ झाली, म्हणजे आपल्या जुन्या नॉर्मल लेन्ससारखीच. दहा फुटांवरून कॅमेरा उभा धरलात तर साडेसहा फुटांपर्यंतची उंची मावते, उभा माणूस मुकुटासकट येतो. ५० लावलीत तर पावणेपाच फूट, म्हणजे गुडघ्यापासून वर. तुम्ही बसता त्या जागेला ३५ योग्य.

रानवाट | १५ ऑगस्ट, दुपारी १:१०

पटलं. मी भिगवणला फ्लेमिंगोंमागे हिंडणारा माणूस, सकाळच्या उन्हाची सवय. रात्रीचा विचार केलाच नव्हता, माझा वरचा सल्ला मागे घेतो.

मग वापरलेल्यांत निकॉन डी५३०० बघा. २०१३चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, फोकसचे ३९ पॉइंट, स्क्रीन बाहेर काढून वळवता येतो. तुम्ही जमिनीवर बसणार, त्यामुळे तो स्क्रीन कामाला येईल. वायफायही आहे, फोटो तिथल्या तिथे फोनवर घेता येतात. कॅननमध्ये त्याच साली आलेला ७००डी, १८ मेगापिक्सेल, त्याचाही स्क्रीन वळतो.

निकॉन घेताना एक जागा नीट समजून घ्या, नवशिके इथेच अडकतात. डी३०००च्या आणि डी५०००च्या घराण्यातल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणजे लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. जुनी ५० मिमी १.८डी स्वस्तात मिळते, पण डी५३००वर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. उलट डी७०००मध्ये मोटर आहे, त्यावर ती १.८डी मस्त चालते, पण एएफ-पी लेन्सना डी७००० ओळखतच नाही. डी५३०० त्या ओळखतो, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मात्र नवं टाकलेलं हवं. तुमच्या कामाला ३५ मिमी १.८जी डीएक्स घ्या. ती एएफ-एस आहे, काही प्रश्न नाही. कॅननमध्ये ही भानगड नाही. १९८७पासूनच्या सगळ्या ईएफ ऑटोफोकस लेन्सच्या पोटातच मोटर आहे.

अंगणवेल | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

थोडं वेगळं मत मांडते. डीएसएलआरचे दिवस संपत आलेत, कंपन्या नव्या लेन्स आता मिररलेससाठीच, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच काढतात. आज जुन्या माउंटमध्ये (लेन्स जोडायच्या पद्धतीत) पैसे अडकवण्यापेक्षा थोडं थांबून, आणखी वीस-पंचवीस हजार जमवून मिररलेस घेतलेला बरा. शिवाय शटरचा आवाज अजिबात नाही, नाटकासाठी तेच महत्त्वाचं नाही का?

जुनी रीळ | १५ ऑगस्ट, रात्री ८:४५

अंगणवेलताई, आवाजाचा मुद्दा रास्त आहे. पण ताईंचा मामा या हंगामात उभा राहणार आहे, पैसे जमेपर्यंत नाही. आणि तुम्ही म्हणता त्यामुळेच जुन्या डीएसएलआरच्या किमती उतरल्यात, कमी पैशात कॅमेरा हाती धरायला याहून बरी वेळ आली नव्हती. लेन्सही वाया जात नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरने झेड मालिकेवर.

आवाजाचं म्हणाल तर डी५३००ला क्वाएट मोड आहे. पखवाज आणि झांज सुरू असताना तो बाजूच्या माणसालाही कळणार नाही. संवादाच्या शांत जागी बोट आवरायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

खारवी | १६ ऑगस्ट, सकाळी ९:००

ओसरी, मी मालवणचा. तुमच्या धाग्यावर आपल्या हवेबद्दल अजून कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी झूम लेन्स घेतली. दुकानात काच लखलखीत दिसली. घरी आणून रात्री टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा. फंगस. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. साफ करायला लेन्सच्या किमतीच्या निम्मे पैसे सांगितले, आणि केलं तरी काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहणारच. ती लेन्स आजही कपाटात आहे. चांगल्या लेन्सशेजारी ठेवायची भीती वाटते, म्हणून वेगळ्या डब्यात.

तेव्हा दुकानातच लेन्सची दोन्ही झाकणं काढा, फोनचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही, जुन्या लेन्समध्ये असतातच. तारा, जाळी किंवा धुरकट थर दिसला तर भाव न करता उठा.

घेतल्यानंतर कॅमेरा त्याच्या बॅगेत ठेवू नका, कपाटात साडीखाली तर मुळीच नको. रबर असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रतेचं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पावसाळ्यात तो स्वतःच दमट असतो आणि त्याची पूड लेन्सवर बसते. जेलचा रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर सुकवा, पण तो तवा परत भाकरीला वापरू नका. जत्रेहून पहाटे आलात की दवाने ओला झालेला कॅमेरा तसाच डब्यात कोंडू नका. आधी पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग आत.

ओसरी | १६ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. खारवीदादा, माझा फोनसुद्धा पावसाळ्यात कपाटात चिकट होतो. हे तुम्ही सांगितलं नसतं तर कॅमेरा नक्की साडीखालीच गेला असता.

डी५३०० आणि ३५ मिमी, ठरलं. आठवड्याभरात मुंबईला मावशीकडे जातेय. सीएसएमटीसमोर बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत म्हणतात. जुनी बॉडी तिथे उभ्या उभ्या कशी तपासायची?

रानवाट | १६ ऑगस्ट, रात्री १०:२०

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. एक साधा जेपेग काढून त्याची एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलीत साठवलेले तपशील) फोनवर उघडा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, लिहिलेला असतो. डी५३००चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं आहे, ३० हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. कॅननच्या बहुतेक फाइलींत हा आकडा नसतो, तिथे केबल लावून सॉफ्टवेअरने बघावा लागतो.

मग दुकानाबाहेर या. एफ १६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतील. नुसत्या धुळीला घाबरू नका, ती ब्लोअरने उडते, पण भाव करायला कामाला येते. नंतर झाकण लावून दहा सेकंदांचं एक्स्पोजर द्या. काळ्यात लाल-निळे टिंब खूप चमकत असले तर सोडा. बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा, फुगलेली असेल तर डुगडुगते. बिलावरचा आणि बॉडीखालचा सीरियल नंबर जुळतो का ते बघा. बिल नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी नको. चोरीचा निघाला तर कॅमेराही जाईल आणि मनस्तापही.

नवीन म्हणून कुणी फारच कमी भाव सांगितला तर खोक्यावर इथल्या आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल आहे का पाहा. नसेल तर ग्रे मार्केटचा माल, त्याला इथली वॉरंटी मिळत नाही.

ओसरी | २५ ऑगस्ट, रात्री ८:१५

घेतला!

कोकणकन्येने पहाटेच सीएसएमटीला उतरले, पण दुकानं उघडेपर्यंत मावशीकडे जाऊन परत यावं लागलं. पहिल्या दुकानात शटर काउंट बघते म्हटल्यावर "मॅडम, घ्यायचा असेल तर बोला" असं उत्तर मिळालं. तशीच बाहेर पडले. दुसऱ्या ठिकाणी एक वयस्कर काका होते. त्यांनी स्वतःच टॉर्च दिला आणि म्हणाले, "बघून घे, नंतर फोन नको." काउंट २१ हजारांच्या थोडा वर निघाला. आकाशाच्या फोटोत दोन ठिपके होते. काकांनी ब्लोअर मारला, एक गेला, एक राहिला. त्या एकाचे पाचशे कमी झाले.

बॉडी १६,५००, लेन्स ८,२००. जास्तीची बॅटरी १,४००, कार्ड ९००, डबा, जेल आणि मीटर मिळून १,३००. एकूण २८,३००. बिल आहे, नंबर जुळलेत.

आता एक अडचण. घरी आईचे फोटो काढतेय, एफ १.८ला, तर कधी नाक स्पष्ट येतं आणि डोळे धूसर, कधी पाठीमागची खिडकीच स्पष्ट. लेन्स खराब तर नाही ना?

जुनी रीळ | २५ ऑगस्ट, रात्री ९:५०

अभिनंदन! लेन्स उत्तम असणार. तोंड इतकं उघडलं की स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. ही लेन्स १.८ला, दीड मीटरवर, जेमतेम तेरा सेंटीमीटर खोलीचं स्पष्ट दाखवते, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तीन मीटरवर अर्धा मीटर मिळतो, त्यामुळे जत्रेत इतका त्रास होणार नाही. पण फोकस कुठे धरायचा हे कॅमेऱ्यावर सोपवू नका. ३९पैकी एकच पॉइंट निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. फोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवा मेनूतून बंद करा, नाहीतर तो फ्लॅशसारखाच मामांच्या डोळ्यांवर जाईल.

आणि चेहरा पांढराफटक का होतो, तेही सांगतो. मागे काळोख असतो. मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतं, त्याला वाटतं फार अंधार आहे, म्हणून ते जास्त उजेड घेतं आणि रंगवलेला चेहरा जळतो. फोन हेच करतो. तुम्ही मॅन्युअलवर जा. शटर १/१६०, छिद्र एफ २, आयएसओ १६००पासून सुरू करा. प्लेबॅकच्या मेनूत हायलाइट दाखवायची खूण चालू करा. चेहऱ्यावर लुकलुकलं की आयएसओ खाली आणा. मागचं काळं पडू द्या, ती रात्रच आहे. फाइल रॉमध्ये (सेन्सरवरून आली तशी, कच्ची) ठेवा, हॅलोजन आणि ट्यूब एकत्र असले की त्वचेचा रंग नंतर सुधारावाच लागतो.

एलईडी फ्लडखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात. शटर त्या तालात आलं की पट्टे जातात.

जत्रेला अजून वेळ आहे. तोवर रोज संध्याकाळी एका बल्बखाली आईंना भाकऱ्या थापताना टिपा. हात हलता, चेहरा स्थिर, अगदी हाच सराव हवा.

ओसरी | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मंडळी, काल पहिली जत्रा झाली. घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं. कॅमेरा पुसून पंख्याखाली तासभर ठेवला, मगच झोपले.

४१२ फोटो काढले, त्यातले तीसेक चांगले आहेत. सुरुवातीला घाबरून १/५०० ठेवलं होतं, एलईडीचे पट्टे आले. १/१०० केलं आणि पट्टे गेले. संकासुर उड्या मारत होता तो पुसलाच गेला, पण मामाचे सगळे हात आलेत, बोटांसकट.

सगळ्यात चांगला फोटो मात्र आख्यानातला नाही. रंग लावताना मामा पेटाऱ्यावर बसतो. डाव्या हातात तळहाताएवढा आरसा, उजव्या हातात काडी, आणि भुवई काढताना ओठ किंचित उघडे. वर एक बल्ब. एफ २, १/१००, आयएसओ १६००. अजून साडी नेसलेला नव्हता, अंगात बनियन, आणि मानेच्या वर पूर्ण तारामती.

प्रयोग संपल्यावर स्क्रीन वळवून त्याला दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही तर आमची आवस दिसता." आवस म्हणजे आई, माझी आजी. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तिचाही धड फोटो घरात नाही.

तोच फोटो पडवीत लावायचाय. केवढा छापता येईल?

रानवाट | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

ओसरी, वाचून डोळे भरून आले. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० धरले तरी २० बाय १३ इंच होतात. १२ बाय १८ बिनधास्त छापा.

जुनी रीळ | २३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मॅट कागदावर छापून घ्या, पडवीत समोरून उजेड येणार, चकाकीत चेहरा दिसायचा नाही. आणि फ्रेमवाल्याला सांगा, फोटो आणि काच यांच्यामधे माउंटची पट्टी हवीच. कोकणातल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि मग सोडवताना रंग काचेवर राहतो. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, आजच.

ओसरी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

एक प्रत लॅपटॉपवर, एक भावाच्या हार्डडिस्कवर ठेवली. १२ बाय १८, मॅट, माउंट लावून, सावंतवाडीला टाकलाय. पुढची जत्रा शुक्रवारी आहे, मामा द्रौपदी करणार आहे. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.